सहीआधी कागद वाचून देणारी वकीलबाई : पणजीतल्या एका सेवेचे परीक्षण

या सेवेचे नाव इथे मिळणार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. कौतुकाने लिहिलेले परीक्षणही उद्या कोणी जाहिरात ठरवून त्या वकीलबाईंच्याच गळ्यात मारायचा. पणजीत पार्किन्सन किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या घरी विचारा, पत्ता लगेच कळेल.

काम असे: मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांवरच्या संशोधनात भाग घ्यायला बोलावलेल्या रुग्णाचे कागद सहीआधी वाचून देणे. औषधाची ट्रायल, रक्त आणि जनुकांचा अभ्यास, मणक्यातून पाणी काढून करायच्या तपासण्या, मेंदूदान, असे काहीही. त्याला लागूनच मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, दिव्यांग दाखला हेही येते. पहिले काम उत्तम, दुसरे चांगले, आणि तिसरे एक काम, ज्याबद्दल पुढे लिहिले आहे, त्यासाठी मुद्दाम इथवर येण्यात अर्थ नाही.

बाईंची वाटचाल समजली की सेवेचा कल कळतो. सुरुवात मोटार अपघात दाव्यांतून झाली. डोक्याला मार लागलेले पक्षकार, न्यूरॉलॉजिस्टची उलटतपासणी, सीटी स्कॅनचे रिपोर्ट हा रोजचा रतीब. पुढे एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीवर, कायदेतज्ज्ञ म्हणून काम. २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्सप्रमाणे एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक व एक स्त्री असावीच लागते. अनेक ठिकाणी हा कायदेतज्ज्ञ चहा पिऊन सही करून जातो. या बाई संमतिपत्राचे मराठी भाषांतर ओळीओळीने इंग्रजीशी ताडून पाहत. तेच काम आता त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून, रुग्णासाठी करतात. ज्या कमिटीवर स्वतः बसतात तिच्याकडून मंजूर झालेल्या ट्रायलचे कागद त्या घेत नाहीत, आणि हे पहिल्याच फोनवर सांगतात.

बाई संशोधनाच्या बाजूच्या आहेत हे आधीच लक्षात घ्यावे. 'आमच्या माणसाचा उंदीर करणार' असा धसका घेऊन येणाऱ्या घराला त्या हो ला हो करत नाहीत. पार्किन्सनचा किंवा एएलएसचा (स्नायूंवरचा ताबा हळूहळू नेणारा मज्जासंस्थेचा आजार) वेग थांबवणारे औषध आज हातात नाही, ते ट्रायलशिवाय येणार नाही, आणि ट्रायलला माणसे लागतात, ही त्यांची सरळ भूमिका. ज्याला फक्त 'नको करू' ऐकायचे आहे त्याने दुसरा वकील गाठावा.

संमतिपत्राचे वाचन

कागद व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवले तर परत येतात. कारण रास्त आहे. पानाच्या तळाशी आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते, ती फोटोत हमखास कापली जाते, आणि वाचन सुरूच तिथून होते. इंग्रजी माहितीपत्रक आवृत्ती ३ चे आणि मराठी किंवा कोंकणी आवृत्ती २ चे, हा घोळ नेहमीचा. ट्रायलमध्ये मधेच डोस बदलला किंवा नवा दुष्परिणाम सापडला की इंग्रजी कागद सुधारतात, भाषांतर मागे राहते. रुग्ण वाचतो जुने आणि बांधला जातो नव्याला. गोव्यात यात आणखी एक गुंता. घरात बोलणे कोंकणी, वाचन मराठी, मुलांचे शिक्षण इंग्रजीतून, आणि सासष्टीकडच्या अनेक घरांत वाचन रोमी लिपीतले. मुंबई-बेंगळुरूहून आलेला मराठी कागद पेडणे-डिचोलीत चालतो, मडगावात चालेलच असे नाही. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. तो ट्रायलच्या टीममधला नसावा, एवढे नियमातच आहे.

मग क्रमाने पुढच्या गोष्टी तपासल्या जातात. सीटीआरआय क्रमांक आहे का? ही भारतातल्या ट्रायलींची नोंदवही, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एका संस्थेकडे, २००७ पासून. औषध नियंत्रकाच्या परवानगीने होणाऱ्या ट्रायलींना नोंदणी १५ जून २००९ पासून सक्तीची आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. क्रमांकात वर्ष आणि महिना असतो. शोध फुकट आहे आणि कोणालाही घरबसल्या करता येतो: कोणत्या शहरांत ट्रायल आहे, तुलना कशाशी, प्लॅसिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) आहे का, त्या रुग्णालयाच्या कमिटीची मंजुरी आली की अजून अडकली आहे, सगळे दिसते. या भागासाठी वकिलाची गरज नाही आणि बाई तसे सांगतात. शोधायचे कसे ते लिहिलेला अर्धा कागद त्या हातात देतात.

खरी करामत संमतिपत्राच्या शेवटच्या पानावर. तिथे रुग्णाचे शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न यांच्याखाली एक रकाना असतो: नॉमिनीचे नाव, पत्ता आणि नाते. ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला, यासाठी तो आहे. गर्दीच्या ओपीडीत हा रकाना रिकामा सोडला जातो किंवा बरोबर आलेल्या माणसाचे नाव घाईत टाकले जाते. बरोबर आलेला माणूस म्हणजे पुष्कळदा शेजारी किंवा भाचा. नंतर भरपाईची वेळ आली की भावंडांची जुंपते. त्याच पानावर चौकटीही असतात: माहिती वाचली, सहभाग ऐच्छिक आहे, माझ्या नोंदी कंपनी आणि नियामक पाहू शकतात, आलेल्या माहितीच्या वापरावर मी बंधन घालणार नाही, सहभागी होतो. प्रत्येक चौकटीत छोटी सही हवी. हात थरथरणाऱ्या माणसाकडून या सगळ्या चौकटी एका बैठकीत भरून घेणे म्हणजे शेवटच्या दोन न वाचताच भरल्या जाणार. बाईंचा सल्ला असा की चौकटी एकेक वाचून, मधे थांबून भरा, आणि भरलेल्या संमतिपत्राची प्रत मागून घ्या. प्रत देणे नियमाने बंधनकारक आहे. 'फाइलमध्ये ठेवली आहे' हे उत्तर चालत नाही.

पार्किन्सनमध्ये सही आखूड आणि बारीक होत जाते. सकाळची सही आणि औषधानंतरची सही दोन वेगळ्या माणसांच्या वाटाव्यात. म्हणून या कार्यालयात भेटीची वेळ औषधाच्या वेळेवरून ठरते: पार्किन्सनच्या मुख्य औषधाची, लेवोडोपाची, गोळी घेतल्यावर साधारण पाऊण ते एक तासाने. फोनवर पहिला प्रश्न 'गोळी किती वाजता?' हाच. पोट भरून मासळी-डाळीचे जेवण करून लगेच गोळी घेतली तर प्रथिनांमुळे औषध शोषायला उशीर होतो, म्हणून बाराची गोळी असेल तर जेवण पुढे ढकला, असेही सांगतात. टेबलावर जाड अक्षरांत छापलेली प्रत, पानावर सरकवायची एक आडवी पट्टी, जाड मुठीचे पेन. रुग्णाने प्रत्येक मुद्दा आपल्या शब्दांत परत सांगायचा, सोबतच्यांनी मधे बोलायचे नाही. बायको मधे बोलली की बाई हात वर करतात. ऐकणाऱ्याला हे जरा कडक वाटते, पण रुग्णाला समजले आहे की घरच्यांना, हे कळायला याहून चांगला उपाय नाही.

शेवटी दोन पानांचे टिपण मिळते. 'सही करा' किंवा 'करू नका' असे त्यात कधीच नसते. ट्रायलच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असतात, प्रत्येकासमोर उत्तर लिहायला मोकळी जागा.

प्रश्न कसले

हे प्रश्न या सेवेचा गाभा आहेत, म्हणून थोडे विस्ताराने.

गोव्यातल्या रुग्णाला ट्रायल बहुधा मुंबईत किंवा बेंगळुरूत मिळते. पार्किन्सनच्या ट्रायलमध्ये तपासणी बऱ्याचदा 'ऑफ' अवस्थेत करतात, म्हणजे आदल्या रात्रीपासून किमान बारा तास औषध नाही. माहितीपत्रकात ती एक ओळ असते. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा की माणूस रात्रभर रेल्वेत, कूस बदलता न येता, सकाळी फलाटावर पाय उचलत नाही अशा अवस्थेत उतरणार. म्हणून विचारायचे: आदल्या दिवशी रुग्णालयाजवळ राहण्याची सोय कोण करणार, सोबतच्याचे भाडे मिळणार का, पडझड झाली तर ती ट्रायलची दुखापत धरणार का? २०१९ च्या नियमांत ट्रायलच्या प्रक्रियेमुळे झालेली इजा भरपाईस पात्र आहे, फक्त औषधामुळे झालेली नव्हे. हे बहुतेकांना ठाऊक नसते. आणि घरच्या घरी 'ऑफ'चा सराव म्हणून लेवोडोपा अचानक बंद करू नये, जिवावर बेतणारा ताप आणि ताठरपणा येऊ शकतो, हे टिपणात ठळक अक्षरांत असते.

मणक्यातून पाणी काढल्यावर एक-दोन दिवसांत उठून बसले की वाढणारी डोकेदुखी होऊ शकते. त्याच रात्रीच्या बसने घाटातून परतायचे नाही. मुक्कामाचा खर्च कोणाचा, हे लिहून घ्यायचे.

अल्झायमरच्या अँटिबॉडी औषधांत मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव हा माहीत असलेला धोका आहे, आणि अल्झायमरची शक्यता वाढवणाऱ्या ई-४ जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांत तो जास्त. तेव्हा एमआरआय किती, कधी, कोणाच्या खर्चाने, आणि जनुकाचा निकाल रुग्णाला सांगणार की नाही? हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारात हा प्रश्न आणखी अवघड, कारण आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता. एकाने रक्त दिले की न विचारता भावंडांचीही माहिती कागदावर येते. निकाल नको असेल तर 'नको' हेही लिहून द्यावे लागते.

सगळ्यात उपयोगी प्रश्न आणीबाणीचा. ट्रायल मुंबईची, चक्कर येऊन पडला वाळपईत, नेला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरला हा माणूस कोणते औषध घेतो ते माहीत नाही, कारण रुग्णालाही माहीत नाही. म्हणून खिशात ट्रायलचे कार्ड हवे: ट्रायलचा क्रमांक, मुख्य संशोधकाचा रात्री लागणारा फोन, औषध की प्लॅसिबो हे तातडीने उघड करण्याची सोय. डिस्चार्ज कार्डावर 'रुग्ण क्लिनिकल ट्रायलमध्ये आहे' ही नोंद करून घ्यायची. गंभीर दुष्परिणाम कळल्यापासून संशोधकाने २४ तासांत तो नियामक, प्रायोजक (ट्रायलमागची कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवायचा असतो. घरच्यांनी फोनच केला नाही तर हे घड्याळ सुरूच होत नाही. पुढे १४ दिवसांत प्रायोजक व संशोधक यांचे विश्लेषण, ३० दिवसांत एथिक्स कमिटीचे मत, ९० दिवसांच्या आत औषध महानियंत्रकाचा आदेश, आणि आदेशानंतर ३० दिवसांत पैसे, असा क्रम. उपचार मात्र लगेच आणि फुकट, इजा ट्रायलमुळे नाही असे सिद्ध होईपर्यंत.

भरपाईचे गणित बाई कागदावर करून दाखवतात, आणि ते दाखवावे असेच आहे. मृत्यू झाल्यास: आठ लाख गुणिले वयाचा घटक गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. वयाचा घटक कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यातला. पासष्ट आणि त्यावर तो ९९.३७, म्हणून भागाकाराने उडून जातो. जोखमीचा घटक अत्यवस्थ रुग्णाला ०.५, निरोगी स्वयंसेवकाला ४. मध्यम जोखमीचा सहासष्ट वर्षांचा रुग्ण असेल तर घटक २, रक्कम १६ लाख. तोच चाळीस वर्षांचा असेल तर वयाचा घटक १८४.१७ आणि रक्कम सुमारे २९ लाख ६५ हजार. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मृत्यूच्या रकमेच्या ९० टक्के. पन्नास टक्के अपंगत्व असेल तर आपल्या सहासष्ट वर्षांच्या रुग्णाला ७ लाख २० हजार. एएलएसच्या माणसाला जोखमीचा घटक कमी धरला जातो, म्हणजे ज्याचा आजार जास्त क्रूर त्याच्या जिवाची किंमत सूत्रात कमी. बाईंना हे सूत्र पटत नाही, आम्हालाही नाही. पण आहे ते असे आहे. त्यामागे स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेली याचिका आहे. २०१३ च्या आदेशांनंतर ट्रायलींवरची देखरेख कडक झाली आणि संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण आले. आज नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये असुरक्षित गटातल्या रुग्णांसाठी ते सक्तीचे आहे.

एक पळवाट मात्र लक्षात ठेवावी. अकॅडेमिक ट्रायल, म्हणजे बाजारात आणण्यासाठी नव्हे तर डॉक्टरांनी अभ्यासासाठी केलेली, तिला औषध नियंत्रकाची परवानगी लागतेच असे नाही. तिथे एथिक्स कमिटीची मंजुरी आणि आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे. वरचे सूत्र तिथे आपोआप लागेल असे धरून चालू नये. संमतिपत्रात 'विमा' किंवा 'भरपाई' हा परिच्छेद शोधायचा, आणि पैसे कोण देणार याचे नाव नसेल तर विचारायचे.

आणि जिथे रुग्णाकडूनच पैसे मागतात तिथून उठायचे. पार्किन्सन, एएलएस, ऑटिझमसाठी 'स्टेम सेल'च्या सुया लाखांनी विकल्या जातात. आयसीएमआरच्या २०१७ च्या स्टेम सेल मार्गदर्शनानुसार या आजारांत तो मान्य उपचार नाही. संशोधन म्हणून करायचे तर ट्रायल म्हणून नोंदवून, रुग्णाकडून पैसे न घेता. असे कागद घेऊन गेलात तर बाई वाचायची फी घेत नाहीत, पाच मिनिटांत परत पाठवतात.

ट्रायल संपल्यावर औषध पुढे मिळणार का? दुसरा पर्याय नसेल, फायदा दिसला असेल, संशोधकाने शिफारस केली आणि एथिक्स कमिटीने मानली तर फुकट देण्याची तरतूद आहे. पण तेव्हा पुढच्या परिणामांची जबाबदारी प्रायोजकावर नाही असे लेखी द्यावे लागते. हा कागद दोन वर्षांनी समोर येतो, तोवर पहिल्याची आठवण कोणाला नसते. दोन्ही एकाच फाइलीत ठेवा.

स्मृती जाण्याआधी

डिमेन्शियाच्या घरांसाठी सेवेचा हा भाग चांगला, पण लोक येतात उशिरा. नेहमीची कहाणी: आईने मुलाला मुखत्यारपत्र दिले, म्हणजे पुढचे सगळे निभेल. निभत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपते. नेमकी ज्या दिवशी गरज लागते त्या दिवशी तो कागद मेलेला असतो. गोव्यात त्यावर आणखी एक थर. इथे लग्नानंतर मालमत्ता सामाईक असण्याची पद्धत, म्हणून घर विकायचे किंवा गहाण ठेवायचे तर नवराबायको दोघांची संमती लागते. एकाची शुद्ध हरपली की दुसऱ्याचेही हात बांधले. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) नाव कोणाचे, हा मुद्दा तिथे गौण. मग न्यायालयातून पालक नेमून घ्यायचा, त्यात महिने जातात.

म्हणून निदानाच्या पहिल्या वर्षातच जे करता येते ते करून टाकायचे: स्पेशल नोटरीपुढे (गोव्यात मृत्युपत्र नोंदवणारा सरकारी अधिकारी) मृत्युपत्र (अर्धा हिस्सा सक्तीच्या वारसांचा, उरलेल्या अर्ध्याचीच मोकळीक), त्याच दिवशीचे डॉक्टरांचे क्षमतेचे प्रमाणपत्र, आणि मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणारा माणूस. हा प्रतिनिधी साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्याने नेमता येतो. त्या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाड येतो, म्हणून डिमेन्शियालाही तो लागू पडतो. संशोधनाच्या बाजूने याला मोठे महत्त्व आहे. कलम ९९ प्रमाणे जो स्वतः संमती देऊ शकत नाही अशा रुग्णावर संशोधन करायचे तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तिथे प्रतिनिधीची संमती विचारात घेतली जाते. प्रतिनिधी नेमलेलाच नसेल तर कायद्याने ठरवलेल्या क्रमाने नातेवाईक किंवा काळजी घेणारा माणूस प्रतिनिधी धरला जातो, रुग्णाची स्वतःची निवड राहत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चे कलम ६ आणखी एक अट घालते. दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करण्याआधी, निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असलेल्या समितीची पूर्वपरवानगी हवी. पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या कायद्याच्या यादीत नावानिशी आहेत. 'ही परवानगी घेतली का?' हा प्रश्न टिपणात असतो आणि तो विचारल्यावर समोरचा डॉक्टर थोडा गोंधळतो, असे बाई आधीच सांगून ठेवतात.

एएलएसच्या रुग्णांसाठी वैद्यकीय इच्छापत्राचे कामही होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केल्यापासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे दोन साक्षीदारांसह ते करता येते. गोव्यात याची चर्चा वाढली ती २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र केल्यावर. व्हेंटिलेटर नको हे बोलता येते तेव्हाच लिहायचे, एएलएसमध्ये आवाज लवकर जाऊ शकतो.

मेंदूदानाबाबत टिपण आखूड आणि स्पष्ट आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. हयातीतली सही पुरत नाही, मृत्यूनंतर घरच्यांनी हो म्हणावे लागते, आणि काही तासांत सगळे व्हावे लागते. पणजीत रविवारी रात्री मृत्यू झाला तर बेंगळुरूला ते पोचणार कसे, याचे उत्तर आधी मिळवा, मगच फॉर्म भरा.

जिथे सेवा कमी पडते

एसएमएसारख्या (स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) दुर्मिळ आजारात सरकारी मदत मिळवून देणे, हे ते तिसरे काम. २०२१ चे राष्ट्रीय धोरण आणि २०२२ ची दुरुस्ती यांनुसार ५० लाखांपर्यंत मदत आहे, पण ती सरकारने ठरवलेल्या उत्कृष्टता केंद्रांतूनच (म्हणजे नेमलेल्या मोठ्या रुग्णालयांतूनच). गोव्याला जवळची केंद्रे म्हणजे मुंबईचे केईएम आणि बेंगळुरूचे ह्यूमन जेनेटिक्स केंद्र. अर्ज तिथून, डॉक्टरांमार्फत. पणजीतल्या वकिलाचे पत्र त्यात काही हलवत नाही. सरळ केईएमची ओपीडी गाठा. न्यायालयाची वाट धरावी लागलीच तर दुर्मिळ आजाराच्या मुलाला सरकारने मोफत उपचार द्यावेत असे सांगणाऱ्या, दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या मोहम्मद अहमद निकालापासून वाचत यावे लागते, आणि ते काम या एकट्या कार्यालयाच्या आवाक्यातले नाही.

इजा झाल्यानंतरचा पाठपुरावाही ढिला. सहीआधी जी चिकाटी दिसते ती नंतर दिसत नाही. बाई प्रकरण दुसऱ्या वकिलाकडे सोपवतात आणि दोन वकिलांमध्ये कागद हिंडत राहतात. रोमी कोंकणीत टिपण मिळत नाही, ही गोव्यासारख्या ठिकाणी मोठीच उणीव. टिपणाचे मराठीही जड. 'सहभागीने अवगत करून घ्यावे' असे लिहिण्याऐवजी 'विचारून घ्या' लिहिले तर काय बिघडेल?

आणि जिना. जुन्या पोर्तुगीज घराचा पहिला मजला, लाकडी पायऱ्या अरुंद आणि उंच, लिफ्ट नाही. पाऊल अडखळणाऱ्या रुग्णांसाठीच असलेल्या सेवेने इथे बसावे हे अनाकलनीय. विचारल्यास बाई खाली गाडीत येऊन बसतात, पण ते आधी कळवावे लागते, आणि पावसाळ्यात गाडीच्या बोनेटवर संमतिपत्र वाचता येत नाही.

कागद वाचण्याची फी २,००० रुपये, दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड असेल तर निम्मी. पावती मिळते. मृत्युपत्राचा मसुदा वेगळा, त्याचा दर आधी लेखी मागून घ्या. एवढेही परवडत नसेल तर लक्षात ठेवावे की विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्ती आणि स्त्रिया यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. ट्रायलच्या कागदांतला तज्ज्ञ तिथे मिळेलच असे नाही, मुखत्यारपत्र आणि पालकत्व यांसाठी मात्र ती सोय वापरावी.

भेट फक्त शनिवारी. येताना इंग्रजी आणि मराठी किंवा कोंकणी अशी दोन्ही संमतिपत्रे सर्व पानांसह, सध्याच्या औषधांची वेळेसकट यादी, शेवटचे डिस्चार्ज कार्ड, यूडीआयडी आणि आधार यांच्या प्रती, आणि नॉमिनी म्हणून ज्याचे नाव द्यायचे आहे तो माणूस. सही करून आलात तरी बाई कागद वाचतात. सहभागातून केव्हाही बाहेर पडता येते, पण कोणत्या औषधाचा डोस हळूहळू कमी करत बाहेर पडायचे ते ट्रायलच्या डॉक्टरांनाच विचारून.